गंधाराची हातोडी

कॅम्पात, चष्म्याच्या दुकानाशेजारच्या जिन्याने वर,
दुसरा मजला. मंगळवार, साडेचार.
कूमी मिसच्या पियानोवर तीन बोटं टेकवायला
मी बिबवेवाडीहून दोन बस बदलून येते,
वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काही येतं?
चार वर्षं गाणं शिकले, म्हटलं, मग टेलिफोनमध्ये लागले.
"म्हणजे कान आहेत. बोटांचं बघू."

सा, ग, प. हा मेजर.
मधलं बोट पांढरीवरून डावीकडच्या काळीवर.
हा मायनर.
एवढंच?
एवढंच. अर्धं पाऊल.
कोमल गंधार, मी मनात म्हटलं.
मोठ्याने नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर
आपल्या घरची भांडी काढून बसू नये.

पण ते अर्धं पाऊल माझ्या ओळखीचं होतं.
ट्रंक कॉलच्या बोर्डावर मी नऊ वर्षं होते
(बोर्ड गेल्यावर बिलांच्या खिडकीत, ते सोडा).
बार्शी, श्रीगोंदा, दौंड.
पलीकडून कुणी "हॅलो" म्हणालं
की त्यातल्या "लो"वरच कळायचं
मुलगी झाली की कुणी गेलं.
शब्द तोच.
मी "बोला" म्हणायचे, पिन खुपसायचे,
आणि कानावरचा हेडफोन जरा सैल करायचे.

आता जो तुकडा शिकते आहे, तो सगळा मायनर.
मध्येच आठ मापं मेजरमध्ये जातो,
जशी दवाखान्याच्या रांगेत
अनोळखी बाई आपल्याला पेरूची फोड देते,
तिखटमीठ लावून.
फोड संपते. रांग तिथेच असते.

पण अगदी शेवटच्या मापात,
काही कारण न सांगता,
गंधार एकदम शुद्ध.
मी विचारलं, म्हणजे शेवटी सुख?
"सुखबिख काय नाय," कूमी मिस म्हणाल्या,
"लिहिणारा थकला असेल. तू वाजव."

गेल्या मंगळवारी नेमकी तीच पट्टी मेली.
दाबली की नुसतं लाकूड. टक्.
खडकीचे अँसेल्म आले, पियानोच्या पोटात टॉर्च मारून
बराच वेळ वाकून राहिले.
तारा शाबूत आहेत. हातोडीची मान गेली.
कलकत्त्याहून येईल, दिवाळीनंतर.

म्हणजे तुकड्यातलं रडणं सगळं जागच्या जागी,
आणि जिथे डोळे पुसायचे तिथे टक्.
"तरी वाजव," कूमी मिस म्हणाल्या.

वाजवला. शेवटी सा, प, आणि मध्ये लाकूड.
डाव्या करंगळीखाली खर्जाचा सा,
पाय पेडलवर, काढायचा विसरलेला.
खाली एक रिक्षा हॉर्न देऊन गेली,
बेकरीवाल्याने पत्रे आपटले, मग तेही थांबलं,
आणि त्या पोकळीत,
कुणी न मारता,
त्याच बिनहातोडीच्या तारेतून असावा बहुतेक,
तो आला. बारीक. शुद्ध.

सदाशिव पेठेतल्या देवस्थळेबाई
तानपुऱ्याला कान लावायला सांगायच्या:
तो लावायचा नसतो गं, सा नीट लागला की येतो.
आला का?
सोळाव्या वर्षी मी हो हो म्हणायचे.
आला नव्हता कधीच.

"मिस, ऐकू येतंय?"
वरचे बारीक आवाज त्यांचे केव्हाच गेलेत.
त्यांनी तळहात लाकडावर ठेवला,
ताप बघतात तसा,
आणि म्हणाल्या, "कोण वाजवतंय?"

मी पाय उचलला नाही.
साडेपाचचा मुलगा दारात येऊन उभा होता,
एक बूट काढलेला,
दुसरा काढू की नको करत.